मधुमेह आणि सांध्यांची झीज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : गुडघ्यांची झीज वयामुळे आणि वजनामुळे होते, असे ऐकले आहे. मग माझे डॉक्टर साखरेकडे बोट का दाखवतात?

उत्तर : वय आणि वजन ही मोठी कारणे आहेतच, त्यातही दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात वजन बहुधा वाढलेले असल्याने दोष नेमका कोणाचा, हे वेगळे काढणे अवघड जाते. तरीही साखरेचा वाटा नाकारता येत नाही. कूर्चेतील (सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत गादीतील) कोलॅजन या प्रथिनाचे धागे शरीर जवळजवळ बदलतच नाही. तरुणपणी विणले गेलेले धागे जन्मभर पुरवावे लागतात. रक्तातील जादा साखर वर्षानुवर्षे या धाग्यांना चिकटत राहते, धागे एकमेकांत जखडतात आणि दाब झेलून पुन्हा फुगणारी कूर्चा ताठर व ठिसूळ होत जाते. माझ्याकडे कित्येक रुग्ण साखरेची एक आणि गुडघ्याची दुसरी अशा दोन फाइली घेऊन येतात. मी त्या दोन्ही शेजारी ठेवूनच वाचतो.

प्रश्न : गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी साखर 300 च्या वर गेली. इंजेक्शन चुकले का?

उत्तर : नाही. सांध्यात दिलेले औषध थोडे रक्तातही उतरते. त्यामुळे साखर काही दिवस वाढते आणि बहुधा आठवडाभरात पूर्वपदावर येते. मात्र याची कल्पना तुम्हाला आधीच द्यायला हवी होती. पुढच्या वेळी ती तारीख मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवा, त्या दिवसांत घरच्या घरी साखर अधिक वेळा तपासा आणि इन्सुलिनची मात्रा मनाने बदलू नका.

प्रश्न : आईला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे. तिच्या हाडांची घनता उत्तम असल्याचा अहवाल होता, तरी साध्या पडण्याने मनगट मोडले. असे कसे?

उत्तर : या मधुमेहाची ही फसवी बाजू आहे. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत ती चांगली, कधी सरासरीहून जास्तही दिसते. पण हाडाची मजबुती केवळ घनतेवर ठरत नाही. हाडातही कोलॅजन असते आणि तेही साखरेने कडक होते. शिवाय जुने हाड झिजवून नवे घडवण्याचे काम मंदावते, त्यामुळे बारीक तडे वेळेवर बुजत नाहीत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मात्र घनताच कमी असते. दोन्ही प्रकारांत पडण्याची कारणेही वाढतात : तळपाय बधिर, नजर अधू, रात्री अचानक उतरलेली साखर आणि दुखऱ्या गुडघ्यामुळे अडखळणारी चाल. पायोग्लिटाझोन हे मधुमेहावरचे औषध, विशेषतः स्त्रियांमध्ये, हाड मोडण्याची शक्यता वाढवते; आई ते घेत असल्यास डॉक्टरांशी बोला, परंतु परस्पर बंद करू नका. अस्थिभंग झाल्यावर चांगल्या अहवालावर विसंबून स्वस्थ बसणे मला मुळीच मान्य नाही.

प्रश्न : गुडघे दुखतात, मग चालावे की विश्रांती घ्यावी?

उत्तर : चालावे, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायामही करावा, दोन्ही आजारांना त्याचा उपयोग होतो. वेदनाशामक गोळ्या रोज स्वतःहून घेऊ नयेत, कारण मधुमेहाने आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांना त्यांतल्या अनेक गोळ्या अपाय करू शकतात. पाय बधिर असतील तर रोज तळवे पाहा. एखादे पाऊल लाल, गरम आणि सुजलेले असून फारसे दुखत नसेल, तर ते मधुमेहाने ढासळू लागलेल्या सांध्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी त्या पायावर भार टाकणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.