वॉर्मरने आईचे पाय भाजले, सेलर म्हणतो ६४९ रुपये घ्या आणि उरलेला माल परत करा

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. जानेवारीत आईबाबांना घेऊन त्या गुलमर्गला गेल्या होत्या, जायच्या आधी एका मोठ्या शॉपिंग साईटवरून दहा वॉर्मरचा पॅक घेतला ६४९ रुपयांना, ते पाकीट फोडलं की आपोआप गरम होतात ते, मागे चिकटवायचा स्टिकर असलेले. आईंचं वय ६३, शुगर चौदा वर्षांपासून. रात्री हॉटेलातला हीटर बंद पडला, आईंचे पाय बर्फासारखे झाले म्हणून बाबांनी दोन वॉर्मर मोज्याच्या आतून तळपायाला चिकटवले आणि वर रजई घातली. आईंना रात्रभर काही जाणवलं नाही. सकाळी मोजे काढले तर एका पायाला लिंबाएवढा फोड आणि दुसऱ्या पायाची कातडी पांढरी पडलेली. नाशिकला येऊन सात आठवडे ड्रेसिंग, एकदा ओटीत नेऊन मेलेली कातडी काढली, बिल १ लाख १८ हजार. सेलर म्हणतो तुम्ही चुकीचं वापरलं, तरी न फोडलेले सहा परत पाठवा, पूर्ण पैसे देतो. साईट म्हणते आम्ही फक्त प्लॅटफॉर्म. ताईंचा प्रश्न, केस होते का, नाशिकलाच होते का, आणि मुळात चूक आमचीच आहे का.

ताई, बाकीचं नंतर, आधी एक गोष्ट आजच्या आज करा. ते सहा वॉर्मर परत पाठवू नका. रिफंडचं बटण दाबू नका, सेलरच्या मेसेजला "ओके" सुद्धा लिहू नका. तुमची अख्खी केस त्या सहा पाकिटांत आहे. पायाला लावलेले दोन हॉटेलच्या डस्टबिनमध्ये गेले असं तुम्ही लिहिलंय, गेले ते गेले, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते असते तरी आता तपासण्यासारखं त्यात काही उरलं नसतं. त्याच पॅकमधले न फोडलेले सहा मात्र लॅबला जाऊ शकतात.

हे का म्हणते ते समजण्यासाठी ही वस्तू काय आहे ते बघा. आत लोखंडाची बारीक पावडर असते, मीठ, थोडं पाणी, ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि ओलावा धरून ठेवणारं वर्मिक्युलाईटसारखं काहीतरी. बाहेरचं प्लॅस्टिक फाडलं की हवेतला ऑक्सिजन आत जातो आणि लोखंड गंजायला लागतं. आपल्या गेटला वर्षभरात जो गंज चढतो तो इथे काही तासांत चढतो आणि तीच ती उष्णता. म्हणजे एकदा हवा लागली की पुरावा स्वतःच संपत जातो. म्हणून फाईलला लावताना त्या पाकिटांना स्टेपलर मारू नका, पंच करू नका, टाचणी लावू नका. बारीक भोक पडलं तरी हवा जाईल आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत आत नुसता कडक गोळा उरेल. स्टीलच्या किंवा चांगल्या झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी ठेवा, ठेवण्याआधी प्रत्येकाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, बॅच नंबर वाचता येईल असे.

तुमचं पत्र वाचल्यावर मी असाच एक वॉर्मर, दुसऱ्या ब्रँडचा, आणून टेबलावर फोडला. उघडा ठेवला तेव्हा कोमटच वाटत होता, हातात धरायला छान. मग जाड टॉवेलात गुंडाळला आणि अर्ध्या तासाने मनगटाच्या आतल्या बाजूला लावला तर मिनिटभर सुद्धा ठेवता आला नाही. हा काही कोर्टात चालणारा पुरावा नाही, पण रजईखाली काय झालं असेल ते मला त्या मिनिटात कळलं. उष्णतेला बाहेर जायला वाट नाही आणि हवा मात्र मिळतेय. बुटात घालायचे वॉर्मर वेगळे बनवतात, कारण बुटात हवा कमी असते, तेच बूट न घालता वापरले तर जास्त तापतात. आणि अंगाला लावायचे स्टिकरवाले कपड्याच्या बाहेरून लावायचे असतात, थेट कातडीला कधीच नाही.

भाजायला उकळतं पाणीच लागतं असं नाही हो. ४४ अंश सेल्सिअसला सुद्धा साधारण सहा तास सलग टेकून राहिलं तर कातडी भाजते, हे वैद्यकशास्त्रात १९४७ पासून नोंदलेलं आहे, आणि असे वॉर्मर साठच्या पुढे सुद्धा जातात. जपानमध्ये ही वस्तू घराघरात वापरतात, तिथे तिच्यासाठी स्वतंत्र स्टँडर्ड आहे, पाकिटावर जास्तीत जास्त तापमान, सरासरी तापमान आणि किती तास चालणार हे छापतात, आणि झोपताना वापरू नका, कमी तापमानाने भाजण्याचा धोका आहे अशी वॉर्निंगही असते. हा मुद्दा तक्रारीत ठळक घ्या, कारण त्यावरून दिसतं की हा धोका या धंद्यातल्या लोकांना चांगला माहीत आहे. तुमच्या आईबाबांना माहीत नव्हता, आणि तो सांगणं हे विकणाऱ्याचं काम होतं.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे वस्तूमुळे झालेल्या इजेच्या जबाबदारीचं, वेगळं प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. आधीच्या १९८६ च्या कायद्यात असं प्रकरण नव्हतं. यातलं कलम ८४ सांगतं की वस्तूत दोष म्हणजे फक्त बनवण्यातली चूक नाही, वस्तू कशी वापरायची याच्या पुरेशा सूचना नसणं किंवा चुकीच्या वापराबद्दल वॉर्निंग नसणं हाही लायबिलिटीचा आधार आहे. वस्तूबद्दल जे ठामपणे सांगितलं ते खरं नसणं, हाही वेगळा आधार आहे. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये त्या लिस्टिंगवर लिहिलंय "हात, पाय, पाठ, पोट, १२ तास ऊब, झोपतानाही सुरक्षित". ताई, ही ओळ तुमच्या केसमधली सगळ्यात मौल्यवान ओळ आहे. सेलर म्हणतो चुकीचं वापरलं, पण पायाला लावा आणि झोपा हे तर त्यानेच लिहिलंय, बाबांनी त्याच्याबाहेर काय केलं? ते पेज अजून असेल तर आज परत उघडा, वरपासून खालपर्यंत स्क्रीन रेकॉर्डिंग करा, तारीख वेळ दिसेल असं, कारण नोटीस गेल्यावर ही ओळ तिथे राहील याची खात्री नाही. डिजिटल पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते विसरू नका, त्याशिवाय समोरचे वकील आधी तिथेच बोट ठेवतात.

बनवणारा कोण तेच पाकिटावर कळत नाही, सगळं चिनी अक्षरात आहे, मग केस कोणावर, असंही तुम्ही विचारलंय. याची सोय कलम ८६ मध्ये आहे. बनवणारा कोण ते माहीत नसेल, किंवा तो परदेशात असल्याने त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विकणारा जबाबदार धरता येतो. आणि विकणारा या शब्दात कायद्याने इम्पोर्टर सुद्धा येतो. शिवाय बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर इम्पोर्टरचं नाव पत्ता, कुठल्या देशात बनलं, कस्टमर केअर हे हिंदी किंवा इंग्रजीत छापलेलं असायलाच पाहिजे, २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीजच्या नियमांप्रमाणे. तुमच्या पाकिटावर ते नाही, तर वैधमापनशास्त्र विभागाकडे (वजनमापं आणि पाकिटावरचा मजकूर तपासणारं सरकारी खातं) वेगळी तक्रार करा, साधा अर्ज आणि फोटो पुरतात. त्यातून तुम्हाला भरपाई मिळणार नाही, पण हा माल कोणत्या वाटेने आला ते कागदावर यायला मदत होते.

साईटचं "आम्ही फक्त प्लॅटफॉर्म" हे उत्तर अर्धंच खरं आहे. माल विकणारे ते नसतील, पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी त्यांच्यावर कामं टाकली आहेत. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितलं की सेलरचा मुख्य पत्ता, ईमेल वगैरे त्यांना द्यावंच लागतं. तक्रार आली की त्यांच्या ग्रीव्हन्स ऑफिसरने (तक्रार अधिकाऱ्याने) ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. मालाच्या इम्पोर्टरचं नाव पेजवर देणं हेही नियमातच आहे. हे नियम पाळले नाहीत तर साईटला मधला माणूस म्हणून मिळणारं कायद्याचं संरक्षण डळमळीत होतं. तेव्हा आजच एक ईमेल टाका, सेलरचा पूर्ण पत्ता आणि इम्पोर्टरचं नाव मागा, आणि तक्रारीत सेलर, इम्पोर्टर आणि साईट तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. साईटवरची जबाबदारी शेवटी टिकेल का हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, ग्राहक आयोगांचे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी चालवणाऱ्या कोर्टांचे, निकाल दोन्ही बाजूंनी गेलेले आहेत, पण त्यांना बाहेर ठेवून तुमचा काही फायदा नाही. टूर कंपनीच्या यादीत "वॉर्मर घ्या" लिहिलं होतं म्हणून त्यांनाही ओढू का असं विचारलंय, ते सोडा, त्याने केस पातळ होईल.

केस नाशिकलाच होते. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, सेलर कुठल्याही राज्यातला असो. आणि जिल्हा आयोग की राज्य आयोग हे तुम्ही भरपाई किती मागता त्यावर नाही, वस्तूसाठी किती पैसे मोजले त्यावर ठरतं. तुम्ही मोजले ६४९, म्हणून जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. भरपाई मात्र दवाखान्याचं बिल, ड्रेसिंगला येण्याजाण्याचा खर्च, तुमच्या बिनपगारी रजा, आईंनी सोसलेला त्रास, तक्रारीचा खर्च, सगळ्याची मागता येते. पण आकडा उगाच पंचवीस लाख टाकू नका, जो आकडा कागदाने दाखवता येतो त्याला आयोगापुढे वजन असतं. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते, सुनावणीही व्हिडिओवर मागता येते. मुदत दोन वर्षं, भाजल्याच्या रात्रीपासून मोजा.

बिल तुमच्या नावावर आणि भाजलं आईंना, म्हणून आई ग्राहक नाहीत असं सेलरने लिहिलंय. हे साफ चूक आहे. विकत घेणाऱ्याच्या संमतीने जो वस्तू वापरतो तोही कायद्याने ग्राहकच. आई आणि तुम्ही दोघी मिळून तक्रार करा. आणि एक, आई महिला आहेत म्हणून उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून त्यांना मोफत वकील मिळू शकतो. अर्ज करायला लाजू नका, तो हक्क आहे.

तक्रारीसोबतच वेगळा अर्ज द्या की सहा पाकिटांतला नमुना सील करून लॅबकडे पाठवावा. वॉर्मर जास्तीत जास्त किती तापतो, ४५ अंशांच्या वर किती तास राहतो आणि पांघरुणाखाली काय होतं, हे तीन प्रश्न नेमके लिहून द्या, नाहीतर रिपोर्ट मोघम येतो. लॅबची फी आधी तुम्हाला भरावी लागेल. कायद्यात अशा केसला पाच महिने सांगितलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, तेवढी मनाची तयारी ठेवा.

आता तुमची कमजोर बाजू, कारण समोरचा तीच धरणार. कलम ८७ म्हणतं की जो धोका उघड आहे किंवा सगळ्यांना माहीत आहे त्याची वॉर्निंग दिली नाही म्हणून बनवणारा जबाबदार नाही. ते म्हणतील गरम वस्तू भाजते हे कोणालाही कळतं, आणि शुगरवाल्याने पायाची काळजी घ्यायची असते हेही कळतं. याला उत्तर डॉक्टरांकडून आणा. सर्टिफिकेटमध्ये भाजण्याची खोली, कारण, आणि मधुमेहाने पायाच्या संवेदना कमी झाल्यामुळे त्यांना जाणवणं शक्य नव्हतं हे स्पष्ट लिहून घ्या. अंगाला कोमट लागणारी वस्तू सहा तासांत भाजते हा उघड धोका नाही, तो लपलेला धोका आहे, यावर केस उभी राहील. तरीही आयोग थोडा दोष तुमच्याकडे धरून रक्कम कमी करू शकतो, हे आत्ताच सांगून ठेवते.

शेवटचं बाबांबद्दल. तुम्ही लिहिलंय की ते कोणाशी धड बोलत नाहीत, मीच चिकटवले म्हणतात, आणि त्यांना यात आणायचं नाही. ताई, त्यांना यावं लागेल, कारण वॉर्मर लावले ते त्यांनीच. ॲफिडेव्हिट त्यांचंच लागेल आणि त्यात एक शब्द लपवायचा नाही, मोज्याच्या आतून लावले तर आतून लावले असंच लिहायचं, डिस्चार्ज कार्डवर तेच आहे आणि दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर सगळंच जातं. पण तुमच्याच पत्रात असंही आहे की लावण्याआधी त्यांनी तुमचा मोबाईल मागून घेतला, चष्मा लावून ते पेज वाचलं आणि आईंना मोठ्याने वाचून दाखवलं, झोपतानाही चालतं म्हणून. तेही लिहायचं, जसं घडलं तसं, किती वाजता, कुठल्या कॉटवर बसून. त्यांना ते सांगताना त्रास होईल, तुम्ही शेजारी बसा, आणि नोटरीकडे नेण्याआधी मसुदा त्यांना स्वतःला वाचू द्या.