नातीला पायलट करायचंय, पण आबा तुमचं काय?

अमळनेर तालुक्यातून एका आबांचं पत्र आलंय. वय ७१, एसटीतून रिटायर, पेन्शन २,८०० रुपये, बँकेत १२ लाखांची एफडी, तिच्या व्याजावर घरखर्चाला हातभार. नात ८ वर्षांची. जळगावला आत्याकडे गेली असताना विमानतळावरची ट्रेनिंगची विमानं बघून आली आणि तेव्हापासून एकच, "आबा, मी तुले इमानमा लई जासू." ओळखीच्या एजंटने 'चाईल्ड प्लॅन' दिलाय, वर्षाला दीड लाख, १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी ३० लाख. पहिला हप्ता गेला, पॉलिसी हातात येऊन तीन आठवडे झालेत. प्रश्न असा की ३० लाखात पायलटचं होईल का?

नाही होणार आबा. कमर्शियल पायलटच्या ट्रेनिंगला आजच ४०-५० लाख लागतात, १० वर्षांनी ते ८०-९० लाखांवर गेलेले असतील. आणि पोरगी १८ ची होईल तेव्हा पैसे लागणार, ही पॉलिसी देणार ती २८ ची झाल्यावर! १५ लाख भरून २० वर्षांनी ३० लाख म्हणजे व्याज पडतं साडेचार टक्के, तुमची एफडी ७ देते. वर विमा नातीच्या जीवावर, जिच्या कमाईवर आज कोणाचंच घर चालत नाही. ह्याला 'मुलांच्या भविष्याची योजना' म्हणून ७१ वर्षांच्या माणसाला विकतात याचा मला संताप येतो.

पण मला खरी भीती वाटली ती पत्राच्या शेवटच्या ओळीची. "मुलाला अजून सांगितलेलं नाही, हप्ता एफडी मोडून भरतो."

आबा, हिशोब बघा. १२ लाखातून दरवर्षी दीड लाख हप्ता आणि व्याजाचे ८४ हजार घरात, असं चाललं तर सहा हप्ते कसेबसे जातील, सातव्याला एफडीत हप्त्यापुरतेही पैसे नसतील. तेव्हा तुम्ही ७७ चे, हातात २,८०० रुपये, आणि दवाखाना निघाला तर मुलगा कर्ज काढणार, म्हणजे नातीच्या शिक्षणाचेच पैसे जाणार. तुमचं म्हातारपण तुमच्या पैशात निभावलं, तर पोरीच्या बापाचा हात तिच्यासाठी मोकळा राहतो, तुम्ही तिला देऊ शकता त्यातलं हे सगळ्यात मोठं आहे आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसात परत करता येते, म्हणजे तुमच्याकडे आठवडाच आहे. अर्ज कंपनीच्या ब्रँचमध्ये स्वतः द्या, पोचवर शिक्का घ्या, एजंटकडे देऊ नका, तो "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत मुदत घालवेल. स्टॅम्प ड्युटी वगैरे किरकोळ कापून पैसे परत येतात. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका.

एफडीची मुदत संपली की १२ लाख पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, सध्या ८.२ टक्के आहे, दर तिमाहीला २४,६०० येतील, म्हणजे आजच्यापेक्षा महिन्याला १,२०० जास्त. आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर आधार घेऊन लगेच काढा, ७० च्या पुढच्या सगळ्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही.

नातीसाठी सुकन्या समृद्धी खातं (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) आजोबांना उघडता येत नाही, आईवडिलांना किंवा कायदेशीर पालकालाच उघडावं लागतं आणि तेही पोरगी १० ची व्हायच्या आत. मुलाने उघडलं की ते वाढीव व्याजातले हजार रुपये दरमहा तुम्ही त्यात टाका, १८ नंतर शिक्षणाला निम्मी रक्कम काढता येते. मोठी रक्कम मुलाच्या एसआयपीतून (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकून) आणि शैक्षणिक कर्जातून उभी राहील, आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स ठेवायला तिला आत्तापासून सांगत राहा, त्याला पैसे लागत नाहीत.

मुलाला आज संध्याकाळीच सगळं सांगा. उद्या ब्रँचमध्ये जाताना त्याला सोबत न्या.