"दहावीत ९१ होते, आता एक गणित सुटंना"

दरवर्षी पाऊस सुरू झाला, अकरावीचे वर्ग भरले की हेच वाक्य कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येतं. यंदा ते करवीर तालुक्यातून रोज एसटीनं येणाऱ्या एका मुलीनं आणलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शिक्षण दहावीपर्यंत मराठीत, आता सायन्स इंग्रजीत. आई म्हणाली, "रातभर वही उघडून बसतीय, हात काय चालंना."

पहिल्या दोन भेटींत ती एवढंच म्हणत राहिली, "मॅडम, मी ढ झालोय." गणित अडलं ही एक गोष्ट आणि 'मी ढ' हे तिनं त्यावर चढवलेलं वाक्य. माणसाला छळतं ते हे दुसरं वाक्य, असं मी मानते. पण ते नुसतं समजावून खोडता येत नाही. तिसऱ्या भेटीत मी वहीच मागितली.

३एक्स + २वाय = ७ या रेषेला समांतर आणि (४, −१) या बिंदूतून जाणारी रेषा काढायची होती. तिनं 'स्लोप' लिहून सोडून दिलं होतं.

"स्लोप म्हणजे दहावीतला चढच ना?"

"व्हय... चढच की!"

"शेतात ऊस आहे? पहिली सरी पडल्यावर दुसरी कशी पाडतात?"

"तिच्या जोडीनंच. दिशा तीच, जागा सरकती."

मी गप्प बसले. अशा वेळी गप्प बसायला मला बरीच वर्षं लागली. मिनिटभरानं तिनं पेन उचललं. "म्हणजे ३एक्स + २वाय तसंच ठेवायचं. नुसता सात बदलायचा?"

"किती करायचा?"

"बिंदूलाच विचारतो." तीन चोक बारा, त्यातून दोन गेले, दहा. ३एक्स + २वाय = १०. चढ दोन्हींचा −३/२. मग चढ-बिंदू सूत्रानंही तिनंच पडताळा घेतला.

पालकांनो, ही मुलं गणितात नाही, बदललेल्या शब्दांत अडकलेली असतात. पहिले दोन महिने वहीत दोन्ही शब्द शेजारी लिहू द्या: स्लोप–चढ, पॅरलल–समांतर. "का चुकलं?" विचारू नका, "कुठपर्यंत आलं?" विचारा. या गणितात बहुतेकांचा चढ बरोबर येतो. चूक होते ती जुना सात तसाच ठेवण्यात, नाहीतर −१ चं चिन्ह हरवण्यात. म्हणजे अर्ध्याहून जास्त गणित आलेलं असतं आणि ते मुलांना कुणीतरी मोठ्यानं सांगावं लागतं. क्लास बदलायची घाई त्यानंतर करा.

पुढच्या भेटीत तिनं न विचारता वही उघडली. स्वतःच एक बिंदू घेतला होता, (१, २).

"मॅडम, ह्यो घेतला तर परत सातच येतंय," ती हसत म्हणाली. "म्हणजे मी त्याच सरीत उभारलोय की!"