घोडीला सजवू नका, आधी उभं राहायला शिकवा

तुम्ही विचारलंय: घोडी मारवाडी, पाच वर्षांची, पुढच्या महिन्यात जातनोंदणीची तपासणी आहे, तर तिला सजवू कशी आणि खाऊ काय घालू? सजवूच नका. आमच्या घरात यावरून पेटलेलं भांडण अजून विझलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमची घोडी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली. कुमैत, म्हणजे अंग तांबूस आणि आयाळ-शेपूट काळी; कानांची टोकं एकमेकांना भिडणारी; चालीला रेवाल, म्हणजे पाठीवर धक्के न बसणारी. वडलांचे थोरले भाऊ, आमचे आबा, त्यांना मात्र एकच दिसलं: डाव्या डोळ्याखालचा केसांचा भोवरा. आसूढाळ! घरात रडणं आणेल म्हणाले. पैसे माझे होते, मी ऐकलं नाही.

तपासणी ठरली तसा आबांनी घोडीचा ताबा घेतला. चंदी, म्हणजे रोजचा दाणा, दुप्पट, वर गूळ. वरातीत घोडी नाचवणारा पोरगा बोलावून रोज संध्याकाळी ढोल. कशाला म्हटलं तर म्हणे, "नाचनारी घोडी कोणले नको व्हई रे?" आदल्या रात्री तर मला न सांगता त्यांनी भोवरा वस्तऱ्याने साफ केला आणि वर काजळ फासलं.

सकाळी तपासणीवाले आले. आधी उंची. सपाट फरशीवर घोडी चारी पाय चौरस ठेवून, मान नेहमीसारखी धरून उभी लागते, मग खांद्याच्या सगळ्यात उंच टोकावर मापाची आडवी पट्टी टेकवतात. पट्टी अंगाला लागली आणि बाईसाहेब मागच्या दोन पायांवर. तीनदा. मग म्हणाले, दुडकी चालवून दाखवा, सरळ जा, सरळ या. पाय कसे पडतात ते त्यांना बघायचं असतं. चार पावलं गेली आणि ढोल नसताना नाचायला लागली. बघ्यांतला एक ओरडला, "घोडी दखाडाले आणी का वरातले?"

तरी निभावलं असतं. नोंदणीच्या कागदावर घोड्याची आकृती छापलेली असते, तिच्यावर अंगावरचे पांढरे पट्टे लाल शाईने काढतात आणि भोवरे फुलीने. भोवरा शुभ की अशुभ हे तिथे कोणी विचारत नाही. तो आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा, जन्मभर तिथेच. तासलेली जागा बोटाला लागली तशी त्यांची नजर बदलली. ओळख लपवलेली घोडी म्हणजे चोरीची तर नाही ना, हा संशय आलाच. केस उगवले की कळवा म्हणाले आणि गेले.

आबा म्हणतात, आसूढाळाने घात केला. मी म्हणतो, वस्तऱ्याने.

तर रोज दहा मिनिटं मोकळ्या जागेत घोडी चौरस उभी करा. काठी पाठीवर, खांद्यावर टेकवत राहा. खूर उचलू द्यायला, ओठ वर करून दात दाखवायला शिकवा; पाच वर्षांची असेल तर पुढचे सगळे दात पक्के आलेले असतात, विकणारा खरं बोलला का तेही कळेल. मानेला हात लावून घेण्याची सवय हवीच, कारण डीएनएसाठी आयाळीचे केस मुळासकट उपटतात आणि ओळखीची चिप मानेत डाव्या बाजूला टोचतात. खूर आठ-दहा दिवस आधी साळून घ्या. आदल्या दिवशी नालबंद आला आणि जरा खोल गेला तर घोडी लंगडणार. खरारा रोज. गूळ बंद. चरबीखाली बांधा दिसत नाही.

गाभण असेल, दिवस भरत आले असतील, तर दुडकीबिडकी काही नको, तारीख पुढे मागा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी आधीच करून ठेवा, अहवालाला दिवस लागतात आणि तो रोग माणसालाही होतो. उंचीची अट ज्यांच्याकडे नोंदवताय त्यांनाच विचारा.

आमची दुसऱ्या खेपेला पास झाली. कागदावर डाव्या डोळ्याखाली फुली आहे. मी ती आबांना मुद्दाम दाखवली. चष्मा सापडत नाही म्हणाले.