शेतात टाकलेल्या युरियाने जगाचं नायट्रोजन चक्र खरंच बदलतं का?

हो, आणि फार मोठ्या प्रमाणात. हवेतला नायट्रोजन पिकांना थेट घेता येत नाही. पूर्वी तो जमिनीत यायचा मुख्यतः कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतल्यासारख्या जिवाणूंमुळे. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला हाबर-बॉश पद्धतीचा, म्हणजे हवेतल्या नायट्रोजनपासून खतासाठी अमोनिया बनवणारा, कारखाना सुरू झाला आणि गणितच बदललं.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नायट्रोजन असतो. उसात तो नुसता फोकून वर पाटपाणी सोडलं, की बराचसा पिकाला लागतच नाही. काही अमोनिया होऊन उडतो, काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. थोड्याचा नायट्रस ऑक्साइड होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट वातावरण तापवतो! म्हणून युरिया हप्त्यांत विभागून, मातीआड करूनच द्या. विहिरीचं पाणीही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.