कमांड && ने जोडल्या तर शेल स्क्रिप्ट जलद चालते का?

नाही. && असो, ; असो की नवी ओळ, वेग तोच. && फक्त एवढंच बघतं, की आधीची कमांड शून्य परत देऊन, म्हणजे यशस्वीपणे, संपली का; तो निर्णय शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) स्वतःच घेतं, त्याला वेळ लागत नाही.

वेळ खातं ते दर कमांडला नवीन प्रोसेस (चालता प्रोग्राम) उभी करणं. तुम्ही म्हणता, हळदीच्या सौद्यांची ४०,००० ओळींची फाइल आहे आणि लूपमध्ये दर ओळीला इको | कट (इको ओळ पुढे देतं, कट त्यातला एक रकाना कापून काढतं) तीनदा, म्हणजे अडत्या, पोती, दर. नुसते कटच झाले १,२०,०००! वर प्रत्येकामागे शेल स्वतःच्या प्रती काढतं ते वेगळंच. सांगलीच्या यार्डात एकेका पोत्यासाठी वेगळा टेम्पो बोलवण्यातला प्रकार हा. माझी अशीच एक स्क्रिप्ट होती. ती लावून मी खुशाल भडंग खाऊन यायचो. सगळा लूप काढून एकच ऑक (सगळी फाइल एका दमात वाचून रकाने काढणारी कमांड) लिहिलं, आता एंटरवरचं बोट उचलेपर्यंत आकडे समोर.

पाइपला, म्हणजे एका कमांडचा माल पुढच्या कमांडला देणाऱ्या | या चिन्हाला, उगाच घाबरू नका. त्यातल्या कमांड एकाच वेळी चालतात, त्यामुळे दोन-तीन कोअर असतील तर उलट फायदाच. लिनक्सवर मधला बफर (माल तात्पुरता ठेवायची जागा) साधारण ६४ केबीचा. तो भरला की मागची कमांड थांबते. मात्र सॉर्ट (ओळी क्रमाने लावणारी कमांड) सगळा माल आत घेतल्याशिवाय एक ओळही बाहेर सोडत नाही, म्हणून हव्या त्या ओळी निवडणाऱ्या ग्रेपने चाळणी आधी लावा, सॉर्ट नंतर.

आणि कॅट | ग्रेप वरून लोक वाद घालतात (ग्रेप फाइल स्वतःच वाचतं, मग ती वाचून पुढे देणारं कॅट कशाला?), तो सोडा. एकदाच चालणाऱ्या एका कॅटने काही बिघडत नाही. स्क्रिप्टच्या आधी टाइम (किती वेळ लागला ते सांगणारी कमांड) लावून बघा.