तीन पिढ्या घेऊन सफारीला जायचं तर आधी गाडीचं विचारा

ताई, वडिलांची पंचाहत्तरी, घरची बारा माणसं, धाकटा चार वर्षांचा, आईंचे गुडघे दुखतात, चोपड्याहून मे महिन्यात निघायचं. एजंटने एक अख्खा खाजगी लॉज केनियातला सुचवलाय आणि एक दक्षिण आफ्रिकेतला. यातला कुठला घ्यावा, की एवढा खर्च करण्यापेक्षा ताडोबाच बरा, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगते. दक्षिण आफ्रिका, त्यातही मलेरिया नसलेलं जंगल, एकाच ठिकाणी चार रात्री. आणि हात सैल सोडायचा तो स्वतःच्या गाड्यांसाठी आणि स्वतःच्या गाईडसाठी. स्विमिंग पूल, बाथटबमधून दिसणारे हत्ती, पन्नास प्रकारची वाइन हे फोटोत छान दिसतं, पण चार वर्षांचं पोर आणि पंचाहत्तरीचे आजोबा एकाच सहलीत सुखी राहतात की नाही, ते त्यावर ठरत नाही.

केनिया मी तुमच्यासाठी का वगळला, ते सांगते. केनिया हा पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथून परतताना भारतात उतरायचं तर लशीचा दाखला लागतो, आणि तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. नऊ महिन्यांपुढच्या मुलांना ही लस देतात, त्यामुळे धाकट्याची अडचण नाही. अडचण वडिलांची आहे. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर विचार करूनच देतात. शिवाय मसाई मारा या तिथल्या प्रसिद्ध अभयारण्याच्या भागात मलेरियाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. वडिलांची रोजची औषधं चालू असतील तर त्यात ही भर कशाला? आणि मुख्य म्हणजे मार्च ते मे तिथला मोठा पावसाळा. वाइल्डबीस्टच्या (हरणासारखं मोठं जनावर) ज्या स्थलांतरासाठी लोक माराला जातात, ते कळप साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये तिथे असतात. म्हणजे मे महिन्यात खर्च होणार, तारांबळ होणार आणि तो देखावाही नाही मिळणार.

दक्षिण आफ्रिकेत याच्या उलट. मे म्हणजे तिथल्या हिवाळ्याची सुरुवात. गवत वाळलेलं, पाणवठे मोजके, त्यामुळे जनावरं दिसायला सोपी. मात्र क्रुगर राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेलं सॅबी सँड हे खाजगी जंगल मलेरियाच्या पट्ट्यात येतात, हे लक्षात ठेवा. मलेरिया नाही अशी जागा म्हणजे बोत्सवानाच्या सीमेलगतचं माडिक्वे, जोहान्सबर्गपासून अडीच-तीन तासांवरचं पिलानेसबर्ग, किंवा दक्षिणेला ईस्टर्न केपमधली अभयारण्यं. माझा कल माडिक्वेकडे. १९९१ साली गुराढोरांच्या, शेतीच्या जमिनीवर ते उभं केलं आणि पुढच्या काही वर्षांत आठ हजारांहून जास्त जनावरं बाहेरून आणून सोडली. आज तिथे सिंह, हत्ती, गेंडा, रानम्हैस, बिबट्या सगळे आहेत, आणि रानकुत्र्यांसाठी तर लोक मुद्दाम जातात. तिथे मुक्कामी पाहुण्यांखेरीज कुणाला फिरू देत नाहीत, त्यामुळे गर्दी नाही. पिलानेसबर्गला दिवसभराच्या गाड्याही येतात, पण रस्त्याचा प्रवास कमी. आईंना माडिक्वेपर्यंत चार-पाच तास गाडीत बसवायचं नसेल तर पिलानेसबर्गच घ्या, किंवा माडिक्वेला छोट्या विमानाने जा. छोट्या विमानात सामानाच्या वजनाची मर्यादा कडक असते आणि कडक सुटकेस चालत नाही. आपल्याकडच्या मोठ्या बॅगा मुंबईतच नातेवाइकांकडे ठेवाव्या लागतील.

आता गाडीचं. लॉजच्या उघड्या गाड्यांना पायऱ्यांसारख्या चढत्या तीन रांगा असतात, नऊ-दहा माणसं बसतात. बारा माणसं म्हणजे दोन गाड्या आणि दोन गाईड. “अख्खा लॉज तुमचाच” असं कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं, पण त्यात गाडी एक की दोन, हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. तेवढं लेखी मागा. दोन गाड्या असल्या की घरातली अर्धी भांडणं मिटतात. सफारीचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो, फेरी तीन-चार तासांची, मग भरपेट नाश्ता, दुपारची झोप, पुन्हा चारच्या सुमारास दुसरी फेरी, ती अंधार पडल्यावर संपते. तरुण मंडळी पहिल्या गाडीने पहाटे निघतील. आई-वडील चहा घेऊन, ऊन वर आल्यावर, दुसऱ्या गाडीने तासाभराची चक्कर मारून येतील. वडिलांना मधुमेह असेल, प्रोस्टेटचा त्रास असेल, तर दर तासाला उतरावं लागतं. आपलीच गाडी असली की गाईड सुरक्षित जागा बघून थांबवतो, कुणापुढे संकोच नाही. अनोळखी चार पाहुण्यांसोबत तेच बसले तर बिचारे पाणी पिणंच सोडून देतात. मी माझ्या सासऱ्यांना असं करताना पाहिलंय, म्हणून इतकं पोटतिडकीने सांगते.

धाकट्याचाही प्रश्न गाडीनेच सुटतो. सामायिक गाडीत सहा वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच लॉजमध्ये घेतच नाहीत, कारण सिंहाजवळ मूल रडलं तर सगळ्यांनाच धोका. स्वतःची गाडी असेल तर गाईडच्या मर्जीवर असतं, आणि चांगला गाईड त्याला जवळच्या जवळ अर्ध्या तासाची फेरी देतो, पावलांचे ठसे दाखवतो, शेणातले किडे दाखवतो. मोठ्या मुलांना तो दिवसभर गुंतवून ठेवतो. पायी सफारीला मात्र बहुतेक ठिकाणी सोळा वर्षांची अट आहे, आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथे रुसवे नकोत.

आईंना गाडीत चढण्यासाठी पायरी किंवा स्टूल आहे का ते विचारा. पुढची रांग सगळ्यात खाली, ती त्यांची. लुगड्यात चढणं अवघड जातं, पंजाबी ड्रेस बरा.

लॉजचं घर बघताना खोल्या किती यापेक्षा कुंपण आहे का ते आधी विचारा. बऱ्याच लॉजना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर खोलीपर्यंत रक्षक सोबत येतो, एकट्याने बाहेर पडायचं नाही. रात्री उठून अंगणात येरझाऱ्या घालण्याची सवय असलेल्या माणसाला हे जड जातं, आणि चार वर्षांच्या मुलाला समजावणं तर अशक्यच. तुम्ही कुंपण असलेलं घर घ्या. आई-वडिलांची खोली जेवणाच्या जागेला लागून, पायऱ्या नसलेली. जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे तेही विचारा आणि हवाई रुग्णवाहिकेचा खर्च देणारा विमा घ्या. यात काटकसर करू नका.

जेवणाची मात्र फार काळजी नको. अख्खं घर घेतलं की आचारी तुमचाच असतो आणि महिनाभर आधी कळवलं तर तो शाकाहारी, कांदा-लसूण नसलेलं, एकादशीचं सगळं समजून घेतो. जोहान्सबर्गमध्ये भारतीय वस्ती मोठी आहे, त्यामुळे डाळी, कणीक, वांगी मिळतात. आपल्याला न्यायचं ते बंद पाकिटातला काळा मसाला, कळण्याचं पीठ आणि शेव. ताजी फळं, बियाणं, मध, घरचं तूप नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. आणि एक करून बघाच. रात्री बोमामध्ये, म्हणजे गोल कुडाच्या आवारात, मोठी शेकोटी असते, जेवण तिथेच वाढतात. आचाऱ्याला आधी सांगून निखाऱ्यावर वांगी भाजा. पळाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची, चव नाही येणार, पण हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घालून भरीत होतं आणि आई स्वतः चुलीपाशी उभ्या राहून सांगतात तेव्हा आजवर गप्प गप्प असलेल्या त्या घराच्या मालकीण होतात. आमच्या सहलीत तिथल्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी सासूबाईंकडून बट्टी वळायला शिकून घेतली. त्या सहलीतलं सासूबाईंना आजही आठवतं ते हेच, सिंह नाही.

थंडीचं हसण्यावारी नेऊ नका. इकडे भुसावळला पंचेचाळीस अंश तापलेलं असतं, म्हणून आपली माणसं स्वेटर भरतच नाहीत. तिथे पहाटे उघड्या गाडीत वारा अंगाला झोंबतो. लॉजवाले ब्लँकेट, गरम पाण्याच्या पिशव्या देतात, तरी कानटोप्या, मोजे, हातमोजे घरूनच न्या.

ताडोब्याबद्दल. तुलना होते ती फक्त खर्चाची. आपल्याकडे लॉज कितीही आलिशान असो, जंगल सरकारचं. फेरी वनखात्याच्या वेळेत, ठरलेल्या रस्त्यावरून, जिप्सीत सहाच पर्यटक. गाडी रस्त्याखाली उतरवून बिबट्यामागे नेता येत नाही, आणि गाभ्याच्या जंगलात रात्रीची फेरीही नसते. खाजगीपणा फक्त खोलीपुरता. पण वाघ दिसतो तो इथेच, आणि त्यापुढे दुसरं काही नाही, हेही खरं. म्हणून माझा सल्ला असा, की हिवाळ्यात आई-वडिलांना दोन रात्री मेळघाटात घेऊन जा. आपल्याला ते सगळ्यात जवळचं, आणि १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. आईंची कंबर जिप्सीचे धक्के सोसते का, वडील तीन तास शांत बसतात का, पोरगं किती वेळ टिकतं, हे तिथे कळेल. ते नीट झालं तरच परदेशातल्या घराची आगाऊ रक्कम भरा, कारण अख्ख्या घराची रक्कम सहसा परत मिळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो, मुलांसाठी आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला लागतो, आणि एखादं मूल फक्त आजी-आजोबांसोबत येणार असेल तर पालकांचं संमतिपत्र. विमान आखाती देशातून जाणारं घ्या. आदिस अबाबा किंवा नैरोबीला बराच वेळ थांबा घेतला तर पीतज्वराच्या दाखल्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आयकर, लागतो, तो विवरणपत्रात वळता होतो, म्हणून कुणाच्या पॅनवर बुकिंग करायचं ते सीएला विचारून ठरवा. चोपड्याहून निघून त्याच रात्रीचं विमान पकडू नका, मुंबईत एक मुक्काम ठेवा.

एजंटचं कोटेशन नाव-नंबर झाकून इथे टाकलंत तर गाड्या, गाईड, कुंपण आणि रद्द करण्याच्या अटी मी बघून सांगते.